द्रव्य आणि क्रिया : एका शास्त्रीय वादाची वाटचाल

जग मुळात टिकून राहणाऱ्या वस्तूंचे आहे की घडत जाणाऱ्या घटनांचे, या प्रश्नावर भारतीय शास्त्रांत दोन हजारांहून अधिक वर्षे वाद झाला. वैशेषिकांनी द्रव्याला पाया मानले आणि क्रिया हा द्रव्याच्या आश्रयाने राहणारा वेगळा पदार्थ ठरवला. बौद्धांनी टिकणारे द्रव्यच नाकारले. वैयाकरणांना क्रियापदाचा अर्थ लावायचा होता आणि मीमांसकांना यज्ञाच्या विधिवाक्याचा, म्हणून या दोघांच्या विचारात क्रिया मध्यभागी आली. हा वाद एका ग्रंथात तत्त्वज्ञानाचा वाटतो, तर दुसऱ्यात निव्वळ व्याकरणाचा. पण त्याचा धागा अखंड आहे, आणि ज्या शास्त्रापुढे जे काम होते त्याप्रमाणे त्याचे उत्तर घडत गेले.

या वादाची पहिली स्पष्ट मांडणी यास्काच्या निरुक्तात सापडते. नामात सत्त्व म्हणजे वस्तू प्रधान असते आणि आख्यातात म्हणजे क्रियापदात भाव प्रधान असतो, अशी विभागणी यास्काने केली. हा भाव आरंभापासून शेवटापर्यंत मागेपुढे पसरलेला असतो. तोच नामाच्या रूपाने सांगितला की गोठून एका वस्तूसारखा होतो. जाणे ही गोष्ट क्रियापदाने सांगितली तर ती चालू असते, नामाने सांगितली तर ती मूर्त होऊन समोर उभी राहते. वार्ष्यायणी नावाच्या आचार्यांचे मतही यास्काने नोंदवले आहे. त्यांच्या मते भावाचे विकार सहा : जन्मणे, असणे, बदलणे, वाढणे, क्षीण होणे आणि नाश पावणे. या यादीत ‘असणे’ हाही एक विकार धरला आहे. वस्तूचे नुसते असणेसुद्धा घडण्याच्या साखळीतली एक कडी मानण्याइतके धाडस इतक्या जुन्या काळी दिसावे, याचे मोल मोठे आहे.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पतंजलीने महाभाष्यात हा विचार पुढे नेला. क्रिया ही कधीही डोळ्यांना दिसत नाही, असे तो म्हणतो. तिला पिंडासारखे उचलून दाखवता येत नाही, तिचे फक्त अनुमान होते. स्वयंपाकाची सगळी साधने समोर असतानाही कधी ‘शिजवतो आहे’ असे म्हणता येते, कधी येत नाही. तेव्हा साधनांपलीकडे काहीतरी मानावे लागते. देवदत्त आधी इथे असतो आणि नंतर पाटलिपुत्रात असतो. ज्यामुळे हे होते ती क्रिया.

पतंजलीचे भात शिजवण्याचे विवेचन विशेष बारकाईचे आहे. भांडे चुलीवर चढवणे, पाणी ओतणे, तांदूळ वैरणे, शेवटी लाकडे मागे ओढणे, ही सगळी कामे मुख्य कर्त्याची, आणि त्या सगळ्यांना मिळून ‘शिजवणे’ म्हणतात. भांड्याचेही शिजवणे आहे : ठरावीक मापाचा तांदूळ पोटात सामावून धरून ठेवणे. लाकडांचेही आहे : तांदूळ मऊ होईपर्यंत जळत राहणे. म्हणूनच भांडे इतके शिजवते, ही लाकडे शिजवतील, असे बोलता येते. एका घटनेत किती वस्तूंचे किती वेगळे व्यापार एकत्र आलेले असतात, हे इतक्या नेमकेपणाने त्यापूर्वी क्वचितच कोणी सांगितले असेल. पुढच्या वैयाकरणांनी वापरलेली बहुतेक हत्यारे या विवेचनातूनच आली.

कणादाच्या वैशेषिक सूत्रांची वाट वेगळी होती. दहा अध्यायांच्या या ग्रंथाने जगातल्या सर्व गोष्टी थोड्या वर्गांत बसवण्याचे काम हाती घेतले : द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय. अभाव हा सातवा पदार्थ नंतर जोडला गेला. द्रव्ये नऊ : पृथ्वी, जल, तेज, वायू, आकाश, काल, दिशा, आत्मा आणि मन. कर्म म्हणजे हालचाल. तिचे पाच प्रकार : वर फेकणे, खाली टाकणे, आखडणे, पसरणे आणि जाणे. प्रत्येक कर्म एकाच द्रव्यात राहते, त्याला स्वतःचे गुण नसतात आणि ते संयोग व विभाग घडवून आणते. द्रव्य मात्र कर्माशिवायही असू शकते. कोण कोणाच्या आधाराने उभे आहे हे वैशेषिकांनी इथेच ठरवून टाकले.

तरीही घटनेकडे त्यांचे दुर्लक्ष झाले नाही. सूत्रांच्या पाचव्या अध्यायात उखळ आणि मुसळाचे उदाहरण येते. कांडणाऱ्याच्या इच्छेने आणि प्रयत्नाने हात उचलला जातो. हाताच्या संयोगाने मुसळ उचलले जाते. पण मुसळ उखळावर आदळून उसळते तेव्हा त्याच्या उसळण्याला हात कारण नसतो, आघात कारण असतो. त्या क्षणी हातही मुसळाबरोबर वर जातो, कांडणाऱ्याने तसे ठरवलेले नसताना. एकाच हाताच्या दोन हालचाली, दिसायला सारख्या, पण एक केलेली आणि दुसरी झालेली. याच अध्यायात सुटलेला बाण, झाडावरून गळणारे फळ, मण्याकडे ओढली जाणारी सुई, पाऊस आणि भूकंप यांचीही कारणे शोधली आहेत. बाणाची पहिली गती ढकलण्याने येते आणि पुढची त्याच्यात उत्पन्न झालेल्या वेग नावाच्या संस्काराने, असे ते उत्तर होते.

पुढे प्रशस्तपादाच्या पदार्थधर्मसंग्रहात आणि त्यावरच्या टीकांत हालचालीचे क्षणाक्षणाने पृथक्करण झाले. पहिल्या क्षणी कर्म उत्पन्न होते. दुसऱ्या क्षणी वस्तू आधीच्या जागेपासून विभक्त होते. तिसऱ्या क्षणी त्या जागेशी असलेला संयोग नष्ट होतो, चौथ्या क्षणी पुढच्या जागेशी नवा संयोग होतो आणि पाचव्या क्षणी कर्म संपते. म्हणजे घटनेला आयुष्य आहे, आणि ते मोजके आहे. वस्तू मागे राहते.

या मोजणीची खरी परीक्षा कुंभाराच्या आव्यात झाली. कच्चा काळसर घडा भाजला की लाल होतो. हा लाल रंग कुठे उत्पन्न झाला? वैशेषिक म्हणाले, परमाणूंत. आगीच्या आघाताने घडा परमाणूंपर्यंत विस्कळित होतो, प्रत्येक परमाणूचा रंग बदलतो आणि ते पुन्हा जुळून नवा घडा तयार होतो. या मताला पीलुपाक म्हणतात. द्व्यणुक म्हणजे दोन परमाणूंची जोडी. तिच्या नाशापासून नव्या जोडीत लाल रंग येईपर्यंत नऊ क्षण लागतात, असा हिशेब त्यांनी मांडला आणि दहा, अकरा क्षणांचे पर्यायही चर्चिले. न्यायदर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे पटले नाही. आव्याच्या भोकातून पाहिले तर घडा जसाच्या तसा दिसतो, त्यावर रचलेले घडे खाली कोसळत नाहीत, कुंभाराने काढलेल्या रेघा भाजल्यावरही तशाच असतात. तेव्हा अखंड घडाच पाकाने रंग बदलतो, हे त्यांचे पिठरपाकाचे मत. परमाणूंवरच्या निष्ठेपायी आपल्या डोळ्यांसमोरचा घडा मोडून पुन्हा घडवण्याची पाळी वैशेषिकांवर आली, आणि ती त्यांनी मागे न हटता पत्करली. पाकाने रंग उत्पन्न होण्याच्या या प्रक्रियेत जो अडखळत नाही तो खरा वैशेषिक, अशी परंपरेत एक कसोटीच होऊन बसली.

घडा क्षणात मोडून पुन्हा घडतो हे एकदा मान्य केले की बौद्धांचे मत फार दूर राहत नाही. मिलिंदपञ्हात भिक्षू नागसेन मिनांडर राजाला रथाचे उदाहरण देतो : चाके, आस, जू यांखेरीज रथ म्हणून वेगळी वस्तू दाखवता येत नाही. अभिधर्माच्या आचार्यांनी अनुभवाचे धर्म नावाच्या घटकांत विघटन केले. सर्वास्तिवाद्यांच्या यादीत असे पंचाहत्तर धर्म आहेत. वसुबंधूने अभिधर्मकोशात विनाशावरून युक्तिवाद केला. नाश हा अभाव आहे आणि अभावाला कारण लागत नाही. मग वस्तू नष्ट व्हायला कशाची वाट पाहील? ती उत्पन्न होताच नष्ट होते. आणि जी वस्तू जिथे उत्पन्न झाली तिथेच संपते ती कुठे जाणार? वैशेषिकांनी इतक्या काळजीने पाच क्षणांत बसवलेली गती इथे उरतच नाही. लगतच्या जागी लगतच्या क्षणी दुसरी वस्तू उत्पन्न होते, आणि दिव्याची ज्योत जशी एकच भासते तसा एकपणाचा भास होतो.

सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने या मताला अधिक भक्कम पाया दिला. काही कार्य करणे हेच सत् असण्याचे लक्षण, असे त्याने ठरवले. यातून निघालेला बीजाचा युक्तिवाद भारतीय तर्कशास्त्रातल्या सर्वांत देखण्या युक्तिवादांपैकी एक आहे. कणगीतले बी महिनोन्महिने पडून असते, कोंब फुटत नाही. तेच शेतात पडले की फुटते. बियाला कोंब काढण्याचे सामर्थ्य कणगीतही होते असे म्हटले, तर तिथे ते का थांबले? समर्थ गोष्ट खोळंबत नाही. सामर्थ्य नव्हते म्हटले, तर नंतर ते कुठून आले? ओल आणि माती यांनी बियात काही भर घातली असेल, तर ती भर बियाहून वेगळी आहे की नाही? वेगळी असेल तर कोंब त्या भरीने काढला, बियाने नव्हे. वेगळी नसेल तर बीच नवे झाले. तेव्हा कणगीतले बी आणि कोंबाच्या आधीच्या क्षणाचे बी या दोन वस्तू आहेत. विक्रमशिलेच्या ज्ञानश्रीमित्राने आणि त्याचा शिष्य रत्नकीर्ती याने अकराव्या शतकाच्या सुमारास हा युक्तिवाद शिगेला नेला. त्यांचे मूळ संस्कृत ग्रंथ भारतात नाहीसे झाले होते. राहुल सांकृत्यायन यांना १९३० च्या दशकात तिबेटातील मठांत हस्तलिखिते मिळाली आणि १९५७ व १९५९ साली हे निबंध पाटण्याहून छापून निघाले. तोवर या वादाची एकच बाजू नीट ऐकू येत होती.

दुसरी बाजू मिथिलेच्या उदयनाची. क्षणभंगाचे, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणातच संपते या मताचे, खंडन हाच त्याच्या आत्मतत्त्वविवेकाचा पहिला विषय आहे. सामर्थ्य म्हणजे तत्काळ कार्य करणे नव्हे, असे तो दाखवतो. साहाय्यक कारणे जुळली की कार्य करणे आणि न जुळली की न करणे, हा एकाच वस्तूचा स्वभाव असू शकतो आणि त्यात विरोध नाही. त्याचा दुसरा मुद्दा अधिक बोचरा होता. कोंब काढणारे ते शेवटच्या क्षणाचे बी काही निराळ्याच जातीचे असेल, तर बी असणे आणि कोंब फुटणे यांचा कार्यकारणसंबंधच तुटतो. मग मागच्या वर्षीच्या पिकावरून यंदाच्या बियाण्याविषयी कोणतेही अनुमान करता येणार नाही, आणि शेतकऱ्याला पेरणी करायला आधार उरणार नाही. बौद्ध तार्किक प्रत्यक्षाबरोबर अनुमानालाही प्रमाण मानणारे होते, त्यामुळे हा घाव वर्मी लागणारा होता. तराजू उदयनाच्या बाजूने झुकतो असे म्हणायला जागा आहे. पण ‘तोच हा’ ही ओळख वस्तूचे टिकणे सिद्ध करते, हा नैयायिकांचा जुना आधार बौद्धांनी कापल्यावर पुन्हा उगवणाऱ्या नखाकेसांचे उदाहरण देऊन कायमचा डळमळीत केला, हेही तितकेच खरे. १२०० च्या सुमारास विक्रमशिला उद्ध्वस्त झाली आणि समोरासमोर बसून वाद घालणारा प्रतिपक्षच उरला नाही.

यानंतर वादाचे रूप पालटले. ‘काय आहे’ या प्रश्नाची जागा ‘वाक्य ऐकल्यावर मुख्यत्वे काय कळते’ या प्रश्नाने घेतली. त्याची तयारी पाचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरीने वाक्यपदीयाच्या तिसऱ्या कांडात करून ठेवली होती. तिथे द्रव्य आणि क्रिया यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत. क्रमाने जन्मणाऱ्या अनेक लहान व्यापारांना बुद्धी एक समूह म्हणून धरते आणि त्या समूहाला क्रिया म्हणतात, असे त्याचे मत. ते व्यापार कधीच एकाच वेळी हजर नसतात, म्हणून त्यांचे ऐक्य बुद्धीनेच घडवावे लागते. क्रियापदाने सांगितलेली गोष्ट साध्य असते, अजून घडवायची असते. नामाने सांगितलेली सिद्ध असते. मीमांसकांनी यात भावनेची भर घातली. यज्ञ करावा असे वेद सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला काही घडवून आणायला प्रवृत्त केले जाते, आणि ती घडवण्याची प्रवृत्ती म्हणजे भावना. वाक्याचा मुख्य अर्थ तोच, कारण वस्तूची आज्ञा देता येत नाही.

नवद्वीपचा रघुनाथ शिरोमणी सोळाव्या शतकात या वादात उतरला आणि त्याने वैशेषिकांची जुनी पदार्थांची यादीच मोडली. पदार्थतत्त्वनिरूपणात त्याने आकाश, काल आणि दिशा यांचे द्रव्य म्हणून वेगळेपण नाकारले, परमाणूही नाकारले. उलट क्षण हा स्वतंत्र पदार्थ मानला. स्वत्व म्हणजे मालकी हाही त्याच्या मते स्वतंत्र पदार्थ होता. बौद्धांचा क्षण असा न्यायदर्शनाच्या घरात आला, मात्र द्रव्यांना हुसकावून नव्हे, त्यांच्या शेजारी बसण्यासाठी. आख्यातावरच्या त्याच्या प्रकरणाने क्रियापदाच्या प्रत्ययाचा अर्थ प्रयत्न हा असल्याचे मत पुढे नेले.

‘चैत्र भात शिजवतो’ (चैत्र हे इथे माणसाचे नाव) या साध्या वाक्यावर तिन्ही शास्त्रे भिडली. नैयायिकाच्या मते या वाक्याने चैत्र कळतो, भात शिजण्याला अनुकूल असा प्रयत्न ज्याच्या ठिकाणी आहे तो चैत्र. वैयाकरणाच्या मते व्यापार कळतो, चैत्र ज्याचा कर्ता आहे आणि ज्याच्यामुळे तांदूळ मऊ होतात तो व्यापार. मीमांसकाच्या मते भावना कळते. शब्द तेच, विशेष्य म्हणजे वाक्यार्थाचे केंद्र मात्र प्रत्येकाचे वेगळे. भट्टोजी दीक्षितांचा पुतण्या कौंडभट्ट याने सतराव्या शतकात वैयाकरणभूषणसारात वैयाकरणांची बाजू मांडली. त्या बाजूचे सर्वांत बळकट उदाहरण महाभाष्यापासून चालत आलेले होते : ‘पाहा, हरीण धावते.’ इथे काय पाहायला सांगितले आहे? संस्कृतात हरीण प्रथमा विभक्तीत आहे. पाहण्याचे कर्म हरीण असते तर द्वितीया हवी होती. तेव्हा पाहायचे आहे ते धावणे, म्हणजे घटना. नैयायिकाला ‘त्याला’ असा शब्द बाहेरून आणावा लागतो, आणि तो आणला की एका वाक्याची दोन वाक्ये होतात. ‘रथ जातो’ हेही त्याला अडचणीचे, कारण रथाला प्रयत्न नसतो आणि तिथे लक्षणा करावी, म्हणजे गौण अर्थ घ्यावा लागतो. नैयायिकाचे पारडे जड होते ते अनुमानाच्या क्षेत्रात. धूर असलेला पर्वत अग्नी असलेला आहे, या ज्ञानात पर्वत मध्यभागी ठेवल्याशिवाय तर्क पुढे सरकत नाही. ज्या शास्त्राचे मुख्य काम अनुमान तपासणे आहे त्याला वस्तूच प्रधान दिसणार, आणि ज्याचे काम धातूंचा अर्थ लावणे आहे त्याला घटना.

या काळात वादाचे रणांगण काशी होते आणि तिथल्या पंडितांत दाक्षिणात्य घराण्यांचा मोठा भरणा होता. नागेशभट्ट हे काळे आडनावाचे महाराष्ट्रीय ब्राह्मण. अठराव्या शतकात लघुमंजूषा लिहून त्यांनी वैयाकरणांच्या अर्थविचाराला शेवटचे मोठे रूप दिले. त्यांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे. प्रतिपक्षात न्यायकौस्तुभाचे कर्ते महादेव पुणतांबेकर. मीमांसेच्या बाजूला मीमांसान्यायप्रकाश लिहिणारे आपदेव. त्यांच्या मुलाने, अनंतदेवाने, आपल्या पूर्वजांत गोदातीरच्या एकनाथांचे नाव दिले आहे. म्हणजे वादाच्या तिन्ही बाजू काशीत मराठी घरांत नांदत होत्या.

पुण्यात या अभ्यासाला पेशव्यांच्या श्रावणातल्या दक्षिणेचा आश्रय होता. पेशवाई बुडाल्यावर त्या पैशाचा एक भाग शिक्षणाकडे वळवून एल्फिन्स्टनच्या काळात १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि तिच्यातून पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. पाठांतर आणि शास्त्रार्थ यांवर चाललेली विद्या आता छापील ग्रंथांत उतरू लागली. कीलहॉर्न यांनी संपादलेले महाभाष्य १८८० पासून मुंबई संस्कृत मालेत निघाले. न्यायाच्या पारिभाषिक शब्दांचा भीमाचार्य झळकीकर यांचा न्यायकोश १८९३ साली दुसऱ्या आवृत्तीत निघाला. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांची तर्कसंग्रहाची आवृत्ती १८९७ ची. द्रव्य, गुण, कर्म यांची ओळख कॉलेजातल्या कित्येक पिढ्यांना या पुस्तकानेच झाली.

वासुदेवशास्त्री अभ्यंकर या एकाच व्यक्तीच्या कामात वादाचे तिन्ही पक्ष एकत्र आलेले दिसतात. साताऱ्याच्या भास्करशास्त्री अभ्यंकरांचे ते नातू. त्यांनी न्यायकोशाची सुधारलेली आवृत्ती १९२८ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातून काढली, आपदेवाच्या मीमांसान्यायप्रकाशावर प्रभा नावाची टीका लिहिली आणि संपूर्ण महाभाष्याचे मराठी भाषांतर केले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने हे भाषांतर १९३८ पासून छापले. प्रस्तावनेचा सातवा खंड त्यांचे चिरंजीव काशिनाथशास्त्री यांनी लिहिला, तो १९५४ साली निघाला. त्यामुळे पतंजलीच्या भांड्याची आणि लाकडांची चर्चा मराठी वाचकाला पूर्णपणे आपल्या भाषेत वाचता येते. काशिनाथशास्त्री आणि वि. प्र. लिमये यांनी वाक्यपदीयाची आवृत्तीही १९६५ साली पुणे विद्यापीठातर्फे काढली.

वाक्याने काय कळते या विचाराचा धागा पुढेही चालू राहिला. १९८३ साली पुण्यात मे. पुं. रेगे, दया कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परंपरागत न्यायपंडितांपुढे बर्ट्रांड रसेल यांची विधानाविषयीची कल्पना संस्कृतात मांडली आणि तिच्यावर त्यांचे म्हणणे मागवले. त्यातून झालेली चर्चा ‘संवाद’ या नावाने १९९१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.